चव्वेचाळिसावं कार्ड

उतारमास्तरांना घरी बोलावणं म्हणजे आपल्या खुर्चीची अब्रू पणाला लावणं. साधा पाहुणा आधी बसतो. मास्तर आधी खुर्ची उलटी करतात. प्लॅस्टिकची असली की संपलंच. बुडाशी, बरोब्बर मधोमध, एक बारीक खडबडीत ठिपका असतो. तो बोटाने चाचपायचा आणि गंभीर आवाजात जाहीर करायचं, "इथून माल आत गेलाय." एका नव्या बिऱ्हाडकरूने हे ऐकून चोरी झाली की काय म्हणून आधी कपाटाकडे धाव घेतली होती. मास्तरांना म्हणायचं होतं ते एवढंच, की वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात या ठिपक्यातून शिरलं. पुढे ते खुर्चीचे चारही पाय कसे एका दमात भरले ते सांगणार, आणि तोवर चहा गार.

दातांच्या डॉक्टरकडेही तोच प्रकार. दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, आणि गृहस्थ चूळ भरायचा पेला उजेडाला धरून म्हणतायत, "साच्याला पॉलिश कमी पडलंय हो." डॉक्टरांनी त्या दिवशी तोंड बधिर करायची सुई जरा लवकरच टोचली, अशी बोलवा आहे.

माणूस तसा निरुपद्रवी. तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवले. बाटल्यांची झाकणं, कंगवे, बादल्या, साबणाच्या डब्या. लोखंडाच्या ठोकळ्यात वस्तूच्या आकाराची पोकळी कोरायची, की तिच्यातून लाखभर वस्तू निघतात. पुढे कारखाना दुसऱ्या गावी हलला. मास्तरही हलणार होते, पण काकू म्हणाल्या, "माझी शिवणाची गिऱ्हाइकं इथे आहेत. तुम्ही खुशाल जा, सुटीत भेटू." मास्तर राहिले. सहा वर्षांपूर्वी डिझाइन कॉलेजच्या वर्कशॉपात शिकवायला लागले, आणि घरी हुकूम पाळणारा माणूस तिथे हुकूम सोडायला लागला.

उतारमास्तर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं. वर्गात नवी मुलं आली की मास्तर टेबलावर दोन पेले ठेवायचे. एक बाजारातला, खाली निमुळता. दुसरा त्यांनी स्वतः लेथवर फिरवलेला, सरळसोट भिंतींचा. मग दोन्हींत घट्ट पीठ भरायचं आणि म्हणायचं, "काढा आतला गोळा, न मोडता." निमुळत्या पेल्यातला गोळा टपकन हातात. सरळ पेल्यातला काही केल्या निघायचा नाही. पोरं आपटायची, फुंकायची, एकाने तर पेल्याला गोंजारून पाहिलं.

"साचा म्हणजे काय? आत गेलेल्याला बाहेर यायची वाट," मास्तर म्हणायचे. "भिंतीला थोडा उतार द्या. एक अंश, फार नाही. उतार नाही दिलात तर साचा वस्तू धरून बसतो, सोडत नाही."

तेव्हापासून कुणीही कागद पुढे केला की पहिला शब्द तोच. उतार कुठाय?

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला वस्तू आवळून धरायचे वाइस बसवलेली टेबलं, आणि कोपऱ्यात ते यंत्र. यंत्र म्हणावं तर माणसाएवढं उंच, बाजूला लांब दांडा. वर नळीत प्लॅस्टिकचे दाणे ओतायचे, नळी तापली की खाली अॅल्युमिनियमचा साचा आवळायचा आणि दांड्यावर अंग टाकून खेचायचं. पातळ झालेला माल साच्यात शिरतो. वीस आकडे मोजायचे, साचा उघडायचा. मोठ्या कारखान्यात हे काम क्षणात होतं आणि कुणाला दिसत नाही. इथे दंड भरून येतात. दांडा खेचताना माल कुठे अडला, कुठे भरला, ते तळहाताला कळतं. मास्तरांचं म्हणणं, पडद्यावर सुंदर दिसणारी वस्तू एकदा या दांड्याला विचारून पाहावी.

त्यांचे नियम दोन. पहिला, वस्तू एक करायची नाही, शंभर करायच्या. "एक केलीस ती हौस. शंभर एकसारख्या निघाल्या तर तो माल." पहिली दहा करताना पोरं हसतात, चाळिसाव्याला रडकुंडीला येतात, आणि सत्तरीच्या पुढे त्यांना आपोआप कळतं की तो सुंदर बाक कशाला दिला होता, ज्यात दर वेळी माल अडकतोय.

दुसरा नियम कपाटाचा. दाराजवळ काचेचं कपाट होतं. ज्याचा साचा फसला त्याने फसलेला नग तिथे ठेवायचा, शेजारी कार्ड लावायचं. काय करायला गेलो, काय झालं, का झालं, आणि खाली स्वतःचं नाव. शिवाय ते कार्ड वर्गासमोर उभं राहून वाचायचं. सहा वर्षांत त्रेचाळीस कार्डं जमली होती. अर्धवट भरलेला चमचा, खड्डा पडलेलं झाकण, साच्याला असा चिकटलेला कंगवा की शेवटी दोघांना एकत्रच ठेवावं लागलं.

यंदा एक मुलगी आली होती, तिला सगळे चष्मिस म्हणायचे. हुशार, आणि तोंडाने तिखट. तिने गोट्या ठेवायची डबी काढली, चारही भिंती काटकोनात, कारण तिला तशाच हव्या होत्या. मास्तरांनी तीनदा म्हटलं, "उतार?" ती तीनदा म्हणाली, "नको सर, रेषा बिघडते." डबी साच्यात गेली ती गेली. छिन्नीने तुकडे करून काढावी लागली. चष्मिसने कार्ड लिहिलं, वाचलं, कपाटात लावलं. कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. कपाट बंद करून ती वळली.

"सर, एक विचारू? यात तुमचं एकही कसं नाही?"

मास्तर हसले. इथे हसून सोडून द्यायचं होतं. पण नाही.

"अगं, तीस वर्षं साचे केलेत. माझा साचा परत आला असं एकदाही झालं नाही. माझं चुकलं तर मीही लावेन की!"

नेमक्या विभागप्रमुख बाई दारात. त्यांना वर्षअखेरच्या प्रदर्शनाची काळजी, आणि मास्तर आयतेच सापडले. "मग मास्तर, यंदा तुम्हीही एक वस्तू मांडा ना. डिझाइन तुमचं, साचा तुमचा. शंभर नग. शनिवारी दोन आठवड्यांनी."

पोरांनी बाकं बडवली. मास्तर हो म्हणाले, आणि घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की आयुष्यात आपण लाखो वस्तूंना जन्म दिला, पण त्यातली एकही आपल्या डोक्यातली नव्हती.

डोक्यात काही नसलं की मास्तर काकूंच्या शिवणाच्या खोलीत जाऊन बसतात. ही त्यांची जुनी सवय. काकू कापड बेतत होत्या. हातात शिंप्याचा चपटा खडू, अंगठा पांढराफटक, पुढचं टोक मोडलेलं.

"बोटं दुखतात का गं?"

"पंधरा वर्षं दुखतायत. आज विचारताय म्हणजे नक्की काहीतरी हवंय."

"या खडूला मूठ असती तर?"

"तर धरली असती. सरका, उजेड अडवताय."

झालं! मास्तरांना वस्तू सापडली. खडू सरकवायची चपटी मूठ, अंगठ्याला खोलगट जागा, खाली पडली तरी न फुटणारी, कारण काकूंच्या मांडीवरून सगळंच खाली पडतं. त्यांनी बारीक मापाचा व्हर्नियर काढला, डबीतले सगळे खडू मोजले. रुंदी चाळीस मिलिमीटर. कागदावर खाचेची रुंदी लिहिली साडेचाळीस, म्हणजे खडू सुळकन जाईल. अंगठ्याचा खळगा काकूंच्या अंगठ्यावरून घेतला. काकू म्हणाल्या, "लग्नात एवढा वेळ हात धरला नव्हतात."

मग आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नाही. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला तर त्यालाही मास्तरांनी कागद दाखवला. किराणा दुकानात रांग थांबवून खळग्याची खोली समजावली. शनिवारी प्रदर्शनाला या, असं आवतण पोस्टमनपासून सगळ्यांना. एवढा गाजावाजा झाल्यावर ती मूठ फसली असती तर मास्तरांना भाजी आणायलाही मागच्या दाराने जावं लागलं असतं.

साचा मात्र देखणा झाला. अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, आतली पोकळी आरशासारखी, आणि मधोमध ती चपटी पट्टी, जिच्याभोवती माल गोठला की खडूची खाच तयार होणार. पट्टीला उतारही दिलेला, अगदी शेवटच्या टोकाशीही साडेचाळीसच्या खाली न जाणारा. मंगळवारी दुपारी पोरं जेवायला गेल्यावर मास्तरांनी यंत्र तापवलं. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे ओतले, हे प्लॅस्टिक चिवट, पडलं तरी फुटत नाही. दांडा खेचला. वीस मोजले. साचा उघडला.

मूठ टपकन हातात आली. गुळगुळीत, भरलेली, कडेला एक पापुद्रा नाही. मास्तरांनी ती गालाला लावून पाहिली. गरम होती अजून. पाणी पाजून गार केली, खिशातून खडू काढला आणि खाचेत सरकवला.

खडू गेला नाही.

उलटा करून लावला. दुसरा खडू लावला. व्हर्नियर लावला. खाच एकोणचाळीस पूर्णांक सात.

मास्तर स्टुलावर बसले. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात, पहिल्या दिवसापासून पुसलं न गेलेलं वाक्य होतं. प्लॅस्टिक गार होताना अंग चोरतं. त्याखाली, पॉलिप्रॉपिलीन, शंभराला दोन. म्हणजे जेवढं माप हवं त्याहून साचा शंभराला दोनने मोठा कोरायचा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही तोंडपाठ.

मग चुकलं कसं? इथेच तर खरी गंमत आहे. कारखान्यात आटण्याचा हा हिशेब ड्रॉइंगवाले करायचे. वरच्या मजल्यावरून कागद यायचा, त्यात आटणं धरलेलंच असायचं. मास्तरांनी तीस वर्षं कागदावरचा आकडा डोळे झाकून लोखंडात उतरवला, आणि तो कधी चुकला नाही. या खेपेला कागद त्यांनी स्वतः काढला होता. पण वर्कशॉपात आल्यावर हातांनी नेहमीसारखा कागदावर विश्वास ठेवला. वरच्या मजल्यावरचा माणूस आणि खालचा माणूस एकच झाले, आणि दोघांनाही वाटलं, ते काम दुसऱ्याने केलंय.

"माझा साचा कधी परत आला नाही," हे वाक्य आठवून त्यांची कानशिलं तापली. साचे परत आले नव्हते, पण त्यातलं अर्धं श्रेय वरच्या मजल्यावरचं होतं, आणि ते त्यांनी तीस वर्षं आपल्या खिशात टाकलं होतं.

दुरुस्ती सोपी नव्हती. खाच मोठी हवी म्हणजे मधली पट्टी रुंद हवी, आणि कानसीने धातू कमी करता येतो, वाढवता येत नाही. पट्टी नवीच करावी लागणार, दोन दिवसांचं काम. शिवाय करताना सगळे बघणार. चष्मिस तर स्टूल घेऊन बसेल.

तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या दुसऱ्या गोणीवर गेली. स्टायरिन. हे प्लॅस्टिक कडक, आणि आटतं फार थोडं, शंभराला अर्धं. मास्तरांनी मनात आकडा केला. चाळीस पूर्णांक तीन. खडू सुळकन!

आता कुणाच्या मनातलं कुणी सांगू नये, पण त्या पाच मिनिटांत मास्तरांचा चेहरा शेजारच्या झाडाचे पेरू न्याहाळणाऱ्या माणसासारखा झाला असणार. नळी साफ केली, दाणे बदलले, दांडा खेचला. मूठ निघाली, चकचकीत. खडू बसला. पोरं जेवून परत आली तेव्हा मास्तर शीळ घालत होते, आणि पहिली, आटलेली मूठ त्यांच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली.

"सर, निघाली?" चष्मिसने विचारलं.

"निघाली."

"पहिल्याच फटक्यात?"

मास्तरांना एकदम नळी पुसायची आठवण झाली.

संध्याकाळी काकूंनी मूठ हातात घेतली. अंगठा खळग्यात बसला. कापडावर लांब रेघ मारली, सरळ, न मोडता. काकूंचा चेहरा खुलला. "अहो, छानच की!" म्हणाल्या. मास्तर एवढे फुलले की खुर्चीत मावेनात. मग काकू कापड वळवायला उठल्या, मूठ मांडीवरून फरशीवर पडली आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले.

काकूंनी तुकडे उचलले. वाकवून पाहिले. तीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती, प्लॅस्टिकची नावं त्यांनाही तोंडपाठ.

"पडली तरी फुटणार नाही म्हणाला होतात ना?"

"हो."

"मग दाणे का बदललेत?"

मास्तर छताकडे बघायला लागले. काकूंनी डब्याची पिशवी रिकामी करायला घेतली, आणि फडक्याखालून ती पहिली मूठ बाहेर आली. त्यांनी खडू लावून पाहिला. गेला नाही. वाकवून पाहिली. फुटली नाही. आता काही सांगायची गरजच उरली नव्हती, तरी मास्तरांनी सगळं सांगितलं, वरच्या मजल्यासकट.

काकूंनी ऐकून घेतलं. "गिऱ्हाइकाचा झगा मी कमी बेतला तर काय करते?"

"काय करतेस?"

"सांगते, बाई, माझं चुकलं, दोन दिवस द्या. ती ओरडते. मग चहा पिते. मग परत येते." त्यांनी आटलेली मूठ मास्तरांच्या हातात ठेवली. "त्या पोरीला उभं केलंत ना तुम्ही कपाटापुढे?"

बुधवारी सकाळी वर्ग भरला. मास्तर कपाटापाशी उभे राहिले आणि खिशातून कार्ड काढलं. वाचायच्या आधी चष्मा दोनदा पुसावा लागला.

"वस्तू, खडूची मूठ," त्यांनी वाचलं. "खडू आत जात नाही. कारण, आटणं धरलं नाही. शंभराला दोन. कागद मीच काढला, साचा मीच कोरला, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला विचारलं नाही. साचे परत येत नसत, कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी माझ्यासाठी हिशेब करत होतं. त्यांचं नाव मला माहीत नाही, हीपण चूक." आणि खाली त्यांचं नाव.

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "फळ्यावर तर लिहिलंय, सर." मग असा हशा पिकला की पलीकडच्या मातीकामाच्या वर्गातून माणसं डोकावली. मास्तरही हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की छातीवरचं ओझं उतरलंय, आणि आपली कुणी टर उडवत नाहीये. पोरं जागची उठून मूठ हातात घेऊन बघत होती, खडू लावत होती, "कितीने कमी पडली?" विचारत होती. असा धडा त्यांनी सहा वर्षांत दिला नव्हता.

चष्मिस कार्डाजवळ गेली. चष्मा सावरून नीट वाचलं.

"सर, तारीख राहिली."

मास्तरांनी तारीख घातली.

"आणि नवी पट्टी मी कोरू?" ती म्हणाली. "आटणं मी धरते. तुम्ही उतार बघा."

पट्टी दीड दिवसात झाली. मास्तर स्टूल घेऊन बसले आणि दर दहा मिनिटांनी तोंड उघडायचे. चष्मिस मान वर न करता म्हणायची, "दिलाय, सर." दीड दिवसात त्यांना 'उतार' हा शब्द एकदाही पूर्ण उच्चारता आला नाही. शुक्रवारी दांड्याला सगळा वर्ग आळीपाळीने लोंबकळला. मास्तरांनी पहिले दहा खेचले, मग पाठीने नकार दिला. शंभर नग झाले. एकशे एकावा कुणीतरी हौसेने केला, तो अर्धाच भरला.

शनिवारी सगळी गल्ली प्रदर्शनाला लोटली. इस्त्रीवाला तर दुकान बंद करून आला. टेबलावर शंभर मुठी, प्रत्येकीत एक खडू, आणि मास्तर शेजारी हात मागे बांधून. एकाने मूठ मुद्दाम फरशीवर आपटून पाहिली. ती उसळून लोकांच्या पायांत गेली आणि शोधायलाच वेळ लागला. पण लोक घुटमळत होते ते दाराजवळच्या कपाटापाशी. चव्वेचाळीस कार्डं वाचत होते, हसत होते, आणि एकमेकांना हाका मारून "हे बघ, हे मास्तरांचं" म्हणत होते. मास्तर दुरून बघत होते. आठवड्यापूर्वी त्यांनी कपाटापुढे उभं राहून ते झाकलं असतं. आज ते पोस्टमनला स्वतःहून तिकडे घेऊन गेले.

काकू उशिरा आल्या, एक गिऱ्हाईक आटपून. शंभर मुठींकडे त्यांनी नजर टाकली, एक उचलून पर्समध्ये टाकली, विचारलंसुद्धा नाही. मग कपाटापाशी गेल्या. मास्तरांचं कार्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. चष्मिस शेजारीच उभी होती, तिच्या कानाला पेन खोचलेलं. काकूंनी ते मागून घेतलं, कपाटाची काच सरकवली आणि कार्डाच्या तळाशी उरलेल्या जागेत एक ओळ लिहिली.

मास्तर लगबगीने आले. "काय लिहिलंस गं?"

"काही नाही. राहून गेलं होतं ते."

त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "आधी दाणे बदलून पाहिले. घरी मूठ फुटली." खाली काकूंची सही.

चष्मिस तोंडावर हात धरून हसत होती. मास्तरांनी कार्ड काढायला हात पुढे केला, मग मागे घेतला. काच त्यांनीच सरकवून बंद केली, फडक्याने तिच्यावरचा अंगठ्याचा ठसा पुसला, आणि काकूंना बसायला खुर्ची आणली. आणताना सवयीने उलटी करून पाहिलीच.